भिशीचे बारा शब्द

रवि. २३ नोव्हें.

कुरुळीला जाऊन आले. दादा घरी नव्हता, म्हणून जेवण गोड लागलं.

शोभावहिनीने आधी वाढलं, मग दार लोटलं, मग विषय काढला. तिची बायकांची भिशी आहे, तिच्यासकट बारा जणी. बाकी सगळ्या आमच्याच पत्र्याच्या खोल्यांतल्या भाडेकरणी. कुणी चाकणला वायरी जोडते, कुणी कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. पगार झाला की सगळ्यांनी सारखे टाकायचे आणि एकीने सगळे उचलायचे. नंबर आधीच चिठ्ठ्या टाकून ठरलेले. गेल्या वर्षी दादाने तांदळाच्या पिंपातली भिशी चोरून उचलली. वहिनीने पाटल्या मोडून भरली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. बँकेत ठेवावी तर नवऱ्यांच्या फोनवर मेसेज.

"वन्सं, तुमी ते मोबाईलमधल्या डॉलरचंच काम करता न्हवं? त्याला म्हनं पासबुक नसतंय."

नसतंय खरं. मी हिंजवडीत बसून तेच बघते. डॉलरची नाणी कुठून निघाली, कुणाकडे गेली, वाटेत कुणाचं पाप धुतलं. संशय आला की शेरा मारायचा. मग परदेशातला आमचा क्लायंट ते नाणं जिथे असेल तिथे गोठवतो. ज्याला बँक नाही, साहेब नाही, मालक नाही म्हणून लोक नाचतात, त्याची कळ कुणाच्या बोटाखाली आहे ते मी रोज बघते. पगार त्याचाच.

काढून दिलं. प्रत्येकीच्या फोनवर एकेक छोटं वॉलेट, वहिनीच्या फोनवर भिशीचं मोठं. रोख घेऊन नाणी टाकायला चौकातला एक मोबाईलवाला आहे. मोठ्या वॉलेटने बारा इंग्रजी शब्द दाखवले. वहिनीला सांगितलं, हे शब्द ओळीने ज्याच्या हाती लागले, पैसे त्याचे. ती म्हणाली, "मग येकीकडं कशाला? बारा जनींना बारा. कुनी येकटी खायाची न्हाई." पुस्तकात असं सांगत नाहीत, पण चालेल म्हटलं. नाहीतर तिने ते पिठाच्या डब्यावर लिहून ठेवले असते.

निघताना ओट्यावरून नवं गोडाऊन दिसतं. त्या जमिनीतला माझा वाटा मी एका पैठणीवर सोडला. हक्कसोड. नवीन लग्न होतं, माहेर तुटायला नको म्हणून सही केली. पुढे लग्नच तुटलं. गोडाऊनचं भाडं दादा खातो.

रवि. १४ डिसें.

पहिला नंबर कोकणातल्या संगीताचा होता, तिला पोचले. वहिनीचा फोन: "बटन दाबलं आन् गेलं बगा, कुनाच्या बापाला कळलं न्हाई." आवाजात इतका आनंद तिच्या लग्नातही नसेल.

दुसरा नंबर रुक्मिणचा, जानेवारीत. लातूरकडची. गाळ्यातल्या प्रेस मशीनवर तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनीने थोडे पैसे हातावर ठेवले आणि गेट दाखवलं. नवरा बालाजी हमालीला जातो. तिला पिठाची गिरणी टाकायची आहे, दोन बोटांनी सुपलीत पीठ ओढता येतं म्हणाली. करून पण दाखवलं, सुपलीशिवाय, हवेत. मला बघवलं नाही, आणि न बघवण्याचा राग आला.

सोम. १९ जाने.

सकाळी अलर्ट. बारा पत्ते, सारखी रक्कम, दोन दिवसांत एका वॉलेटमध्ये जमा. मागच्या महिन्यात तसंच जमलेलं, सगळंच्या सगळं एकीकडे गेलेलं. सिस्टीमचं मत: पैसे तुकड्यातुकड्यांनी आणून एकत्र करण्याची टोळी. धोका लाल.

वॉलेटचे शेवटचे आकडे बघितले. मीच काढून दिलेलं.

त्यातून चौकातल्या मोबाईलवाल्याने या वेळी जी नाणी टाकली ती घाण आहेत. कुणा तरी म्हाताऱ्याला फोनवर पोलीस असल्याचं सांगून लुबाडलेले पैसे, चार हात फिरून त्याच्याकडे, त्याच्याकडून कुरुळीच्या बायकांकडे. पगारातून घाम गाळून टाकलेली रोकड मोबाईलवाल्याच्या गल्ल्यात आणि यांच्या पदरात चोरीचा माल. यांना काय कळणार.

मला कळतं. हे टोळी नाही, भिशी आहे. मराठी माणसाच्या पोराला पण कळेल. सिस्टीमला ते शिकवलेलं नाही.

मंगळ. २० जाने.

टीएलला, म्हणजे टीम लीडला गाठलं. निखिल, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, खुर्चीवर बसताना पाठीला उशी घेतो. नाव न घेता विचारलं, भिशीचा प्रकार आला तर शेरा काय लिहायचा.

"अगं, क्लायंटला भिशी कुठे समजवत बसतेस? यादीत जे पर्याय आहेत त्यातला निवड."

यादीत भिशी नाही.

नियम तिन्हीकडून आवळलेत. ओळखीचं प्रकरण असेल तर सांगून बाजूला व्हायचं. झाले तर फाईल बंगलोरच्या टीमकडे जाईल आणि ते जेवायच्या आधी गोठवून मोकळे होतील. शिवाय विचारतील, ओळख कशी? वॉलेट मीच काढून दिलं. ठीक आहे म्हणून बंद केलं आणि तपासणीत निघालं तर नोकरी गेली. आणि सगळ्यात मोठा नियम, पहिल्या दिवशी सही करून घेतात तो: ज्याच्यावर संशय आहे त्याला अक्षराने कळू द्यायचं नाही. तो गुन्हा आहे.

"माहिती मागवली आहे" असा शेरा मारून ढकललं. थोडे दिवस मिळाले. त्यांचं काय करायचं ते माहीत नाही.

रवि. २५ जाने. रथसप्तमी

आज वहिनीकडे हळदीकुंकू. मला बोलावणं नसतं. नवऱ्याने टाकलेली, कुंकू कुठे लावायचं हा बायकांना प्रश्न पडतो. मीही जात नाही, म्हणजे कुणाची अडचण होत नाही.

मारुंजीच्या खोलीत कपडे वाळत घालत होते. वहिनीचं स्टेटस बघितलं. भिशीच्या बायका ओळीने बसलेल्या, नेहमीच्याच जागांवर, वाणही त्याच क्रमाने वाटलं. उखाणे चालू. पहिली संगीता:

"हापूसची पेटी, वर लिहिलंय मँगो,
सुभाषरावांचं नाव कितीदा घेऊ सांगा गो."

हसले. दुसरी:

"केसात माळला गजरा, त्याला बांधली रिबन,
दत्तारावांच्या नावाने फुललं माझं जीवन."

तिसरी वहिनी स्वतः, नवी साडी, नाकात नथ:

"नळाला नाही पाणी, टँकरवर भरली घागर,
विलासरावांच्या चहात मी टाकते मोजून शुगर."

हातातला टॉवेल खाली पडला. मँगो, रिबन, शुगर. तेच बारा शब्द. इंग्रजी शब्द ध्यानात राहीना, लिहून ठेवायला मी मनाई केलेली, म्हणून बायांनी त्याचे उखाणे बांधले. आणि आज बारा जणींनी ओळीने, खणखणीत आवाजात, टाळ्या घेत ते जगाला ऐकवले. बारावा आवाज कॅमेऱ्याच्या मागून:

"लातूरची लेक मी, घेईन गिरणीची मशीन,
बालाजीरावांच्या संगं संसार सुखाचा करीन."

रुक्मिण. व्हिडिओ तीच काढत होती. तसल्या हाताने कुंकू कसं लावणार, म्हणून बायकांनी तिच्या हाती फोन दिला असेल. भिशीचा नंबर दुसरा, पण बसायला जागा शेवटी म्हणून शब्दही शेवटचा. नाही, थांब. शब्द नोव्हेंबरमध्येच वाटलेले. तेव्हाही तिला शेवटीच बसवलं होतं.

स्टेटस सकाळपासून होतं. पावणेदोनशे लोकांनी बघितलेलं.

वहिनीला फोन लावला. काढून टाक म्हटलं. "का वो, चांगलं आलंय की." काढ, त्यात शब्द आहेत म्हणून ओरडले तेव्हा काढलं.

खरं तर पाच मिनिटांचं काम होतं. नवं वॉलेट उघडायचं आणि पैसे तिकडे सरकवायचे. वहिनीच म्हणाली, "मग तुमीच या आन् हलवा." पण त्या पैशावर लाल शेरा आहे, आणि फाईल माझ्या नावावर आहे. मी सांगितलं आणि हलले, तर संशयिताला सावध करून माल पळवला असा त्याचा अर्थ. "हलवा" हा एक शब्द माझ्या तोंडून जाऊ शकत नाही.

म्हटलं, बघते, या आठवड्यात येते.

भिशीची उचल अजून वॉलेटमध्येच आहे. रुक्मिण एक तारखेला गिरणीच्या गाळ्यासाठी शटरवाल्याला द्यायला उचलणार. तोवर वहिनीकडेच राहू द्या म्हणाली होती, बालाजीच्या हाताला लागायला नकोत.

मंगळ. २७ जाने.

गेले.

सोमवारी दुपारी, झेंडावंदनाची जिलेबी खाऊन लोक झोपले असतील तेव्हा. सगळंच्या सगळं, एका नव्या पत्त्यावर. तिथून एका एक्स्चेंजवर, जिथे नाण्यांचे रुपये करून मिळतात. तिथे थांबलंय. घेणाऱ्याला पुढचं जमेना असं दिसतं, दोनदा उलटसुलट बटणं दाबलीत.

वहिनीला अजून माहीत नाही. मला माहीत आहे. स्क्रीन समोर आहे.

ते एक्स्चेंजसुद्धा आमचंच गिऱ्हाईक. खातेदाराचं नाव मागवलं.

बुध. २८ जाने.

नाव आलं. फोटोसकट. ओळख पटवायला स्वतःचा फोटो काढावा लागतो, त्यात मागे आमच्या कुरुळीच्या घराची निळी भिंत आणि घड्याळ.

दादा.

मान वाकडी करून, दाढी करून, शर्टाचं वरचं बटण लावून. सातवी पास माणूस. बायकांच्या कुजबुजीतून वॉलेटचं कळलं असेल, मग उखाणे ऐकून बारा शब्द टिपले, स्पेलिंगं कुणाकडून तरी काढून घेतली. जमिनीच्या कागदांवर सह्या घेण्यापलीकडे याला काही येत नाही असं मी समजत होते. भावाचं कौतुक वाटलं, खरंच, क्षणभर.

पुढचं खोटं लिहिणार नाही, इथे लिहून कुणाला दाखवायचं आहे. मला आनंद झाला. रुक्मिणची आठवण नंतर आली. आधी पैठणी आठवली, वकिलाच्या ऑफिसातला तो उकाडा, आणि दादा म्हणाला होता, "सही कर, भाऊ हाय ना तुजा." 

फाईल उघडली. मालकाची संमती नसताना हलवलेला, मुळात चोरीचा माल, शिफारस: गोठवा. भिशीच्या बारा जणींना पण त्याच फाईलमध्ये घ्यावं लागतं, वेगळं काढता येत नाही. घेतलं. ओळखीचं कुणी आहे का? या रकान्यात "नाही".

दुपारी चहाच्या वेळेला गोठलं. दादाच्या हाताशी आहे, खाता येत नाही. वहिनीचं आहे, दिसत नाही. रुक्मिणचं तर काय.

सोम. २ फेब्रु.

शटरवाल्याला पैसे द्यायला काल रुक्मिण वहिनीकडे गेली आणि वॉलेट रिकामं निघालं. आज वहिनीचा फोन, बोलण्याआधी रडणं. बायका दारात जमल्या. भिशी ठेवणारीनेच भरून द्यायची हा रिवाज आहे, त्याला कुणी कागद करत नाही. संगीता म्हणाली म्हणे, "आमी मोबाईलला नाही दिले हो, तुम्हाला दिले." बरोबरच आहे.

वहिनीकडे आता मोडायला पाटल्या नाहीत.

"वन्सं, तुमाला त्यातलं कळतंय. कुटं गेलं सांगा की."

म्हटलं, मला तिथलं दिसत नाही.

यातून एकच सरळ रस्ता आहे. वहिनीने सायबरला तक्रार करायची, वॉलेट आमचं, चोरी झाली, पैसे अमक्या तमक्या बायकांचे. गोठलेलं खऱ्या मालकाला परत मिळू शकतं, वेळ लागतो पण मिळतं. तक्रार कर म्हणून सांगायला मला कुठलाही नियम आडवा येत नाही. पण पोलिसांचा पहिला प्रश्न असेल, वॉलेट कुणी काढून दिलं. मग कंपनी विचारेल, रकान्यात "नाही" कसं लिहिलं.

सांगितलं नाही. वहिनीलाही तक्रार नकोच आहे, अकरा नवरे दारात येतील म्हणते. तेव्हा दोघींचं जमलं.

फोन ठेवताना म्हणाली, "व्हिडिओ तिनंच काढला न्हवं. त्या रुक्मिणनं. शब्द सगळे तिच्याच हातात व्हते."

मी गप्प. गप्प राहिलं की माणसं होकार धरतात, हे मला ठाऊक आहे.

शुक्र. ६ फेब्रु.

टीममध्ये टाळ्या. चोरी होऊन पैसा बाहेर पडायच्या आत पकडला म्हणून क्लायंटचा खास मेल. निखिलने सगळ्यांसमोर वाचला. "असं नाक पाहिजे," म्हणाला. कॅन्टीनचं कूपन मिळालं आणि एक पाण्याची बाटली, कंपनीचं नाव छापलेली.

बाटली चांगली आहे. गरम पाणी गरम राहतं.

बुध. ११ फेब्रु.

दादा मारुंजीला आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. पेरू घेऊन.

जिना चढून दमला होता. खोलीभर नजर फिरवली, भाडं विचारलं, "लई घेत्यात" म्हणाला, स्वतः पत्र्याच्या खोलीचं काय घेतो ते विसरून. मग आला मुद्द्यावर.

"माधुरे, येका मित्राचं अडकल्यात. त्ये डॉलर. तुज्या कंपनीतच म्हनं अडिवल्यात."

कुठला मित्र, विचारलं.

"हाय येक. तू वळखत न्हाईस."

"त्याने आणले कुठून?"

"कष्टाचं हायती."

चहा केला. सावकाश केला, आलं किसलं. समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बिचारा सारखा गुडघा हलवत होता. एवढं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. विचारलं, वहिनीच्या भिशीचं काय झालं रे? पेरूची पिशवी नीट करत म्हणाला, "बायकांचं काय, त्यास्नी काय कळतंय. त्या लातूरवालीनं हात मारला."

जाताना दारात थांबला. "त्या हक्कसोडीचं बी बगू आपन. रोडच्या अंगाची दोन गुंटं हायती अजून. तुजं नाव लावायला काय लागतंय, मनात आनलं तर?"

बघते म्हटलं.

तो गेल्यावर पेरू खाल्ला. गोड होता. गोठलेलं सोडवायची शिफारसही फाईलवाल्यानेच करायची असते. म्हणजे मीच.

शनि. १४ फेब्रु.

आज रुक्मिण. पत्ता कुणी दिला माहीत नाही. कुरुळी ते मारुंजी दोन बस बदलून. आत ये म्हटलं तरी दाराशीच बसली, उजवा हात पदराखाली.

वहिनीने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली आहे. अनामत भिशीच्या भरपाईत कापून घेतली. बालाजीने मारलं का ते मी विचारलं नाही, गालावर दिसत होतं. त्याला भिशीचं आता कळलं, चोरून साठवलं आणि वर गमावलं, दोन्हीचा राग.

"पैशाचं जाऊ द्या ताई. चोर नका म्हणू म्हणावं त्यायला. मला कोन खोली देईल मग?"

म्हटलं, मी वहिनीशी बोलते.

"तुमी शिकलेल्या हाव. तुमचं ऐकतेल."

तिला कंपनीची बाटली द्यावीशी वाटली. का, कोण जाणे. दिली नाही. बससाठी पैसे दिले ते तिने घेतले नाहीत.

सोम. १६ फेब्रु.

वहिनीला फोन केला. बोलले नाही, ऐकलं. तिने मार्ग काढलाय. रविवारी आळीतल्या खंडोबापुढे भंडारा उचलायचा. आमच्या आळीची जुनी रीत आहे: पायरीशी उजव्या मुठीत भंडारा घ्यायचा, देवापर्यंत चालत जायचं, आपण घेतलं नाही असं बोलायचं आणि देवाच्या पायावर मूठ उघडायची. वाटेत सांडला तर ते माणूस खोटं.

"उजव्या हातानं?" मी विचारलं.

"उजव्याच. देवाचं हाय."

"रुक्मिणला उजव्या हाताला बोटं नाहीत, वहिनी."

थोडा वेळ तिकडे मिक्सर चालू होता, तो थांबला.

"दोन हायत की," म्हणाली.

मला तेव्हाच वाटलं, हिला सगळं माहीत आहे. गेल्या वर्षी पिंपातून कुणी काढलं ते जिने गिळलं, ती या वर्षी रुक्मिणकडे उगाच बघत नाही. नवऱ्याचं नाव घेतलं तर तिचं घर उठतं. रुक्मिणचं घेतलं तर एक खोली रिकामी होते. मी वहिनीच्या जागी असते तर हेच केलं असतं. मी माझ्या जागी आहे तरी हेच करते आहे.

दादा उचलणार का, विचारलं. "घरच्यांनी न्हाई उचलायचं. भिशीतल्या बायकांनीच. आन् तुमी, कारन तुमी शिकिवलं."

रवि. २२ फेब्रु.

झालं.

देवळात बायका ओळीने. बालाजी बाहेर, चपलांजवळ. भंडाऱ्याचं ताट धरून पायरीवर उभा होता दादा. पांढरा सदरा, कपाळावर हळद. प्रत्येकीच्या हातात तो चिमूट चिमूट नाही, चांगला मूठभर घालत होता. ज्याने घेतलं तो वाढत होता आणि ज्यांचं गेलं त्या हात पसरत होत्या. खंडोबा डोळे वटारून बघतो असं म्हणतात. बघत असेल.

संगीताने उचलला. वहिनीने उचलला, ती न अडखळता बोलली, खरंच तिने घेतलं नव्हतं. एकेक करून सगळ्या गेल्या. रुक्मिण शेवटी. डावा हात पुढे आला तसा कुणीतरी मागून "उजवा" म्हणालं. दादाने तिच्या तळव्यावर भंडारा ठेवला. इतरांपेक्षा जास्त ठेवला, मी बघितलं. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये जी जागा होती त्यातून तो दुसऱ्या पावलालाच गळायला लागला. ती थांबली नाही. देवापर्यंत गेली, मागे पिवळी रेघ पडत गेली, आणि पोचली तेव्हा मुठीत काही नव्हतं. तिने तरी मूठ उघडली. "म्या घेतलं न्हाई," म्हणाली.

बायकांनी पदर सावरले.

मग मी. वहिनीने शब्द ठरवून दिले होते, तेवढेच बोलायचे: मी घेतलं नाही. कुणी घेतलं हे कुणी विचारलंच नव्हतं. भंडारा घेतला, नीट चालले, कणही सांडला नाही. मी घेतलं नाही, म्हणाले. अगदी खरं बोलले. ऑफिसात पण असंच शिकवतात, विचारलं तेवढंच उत्तर द्यावं.

बाहेर रुक्मिणने गाठलं. हात पिवळा. मला वाटलं शिव्या देईल. ती हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा. फोन माझ्या हातात व्हता. माझ्याकडनंच काई बटन दाबलं गेलं असंल का? न कळता? बोटं न्हाईत, कवा कुटं दाबतंय समजत न्हाई."

तिच्या तोंडाकडे बघितलं. एक शब्द पुरे होता. नाही. एवढाच.

"होऊ शकतं तसं," म्हणाले.

तिने मान हलवली. दोनदा. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, निदान काय झालं ते तरी कळलं म्हणून. बालाजीला जाऊन तसंच सांगितलं तिने, माझ्याकडे बोट दाखवून. त्याने टेम्पो आणलाच होता. पिंप, गादी, शेगडी, एक कपाट. सामान चढवायला दादाने हात लावला.

सोम. २३ फेब्रु.

निखिल म्हणाला, ती फाईल शुक्रवारपर्यंत निकालात काढ. तीन पर्याय. खातेदाराला सोडा, तक्रारदार आला तर त्याला द्या, नाहीतर कायमचं गोठलेलं राहू द्या.

दादाचा मेसेज आला. स्टँपपेपरचा फोटो, दोन गुंठे, माझं नाव. आडनाव नवऱ्याचं घातलंय. माहेरचं घाल म्हणून कळवलं.

दुपारी वहिनीचा फोन. रुक्मिणच्या खोलीला नवी भाडेकरीण मिळाली, परभणीची, कंपनीत कायम आहे. पाडव्यापासून भिशी परत सुरू करायची म्हणते, या खेपेला रोख, देव्हाऱ्यात. बायका तयार आहेत, देवाचा निकाल लागलाय आता.

"तुमी बी या वन्सं. पयला नंबर तुमालाच देते."

येते म्हटलं. शुक्रवारला अजून चार दिवस आहेत.